आधी माप, मग बार

नेमबाजीचं कौतुक कोल्हापूरकराला कुणी शिकवायला नको. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेती झाली. राही सरनोबतनं २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझ गळ्यात घातलं, तेव्हा तर घरचंच लग्न असल्यासारखे पेढे वाटले लोकांनी. दुधाळीच्या रेंजकडं रायफलच्या बॅगा घेऊन जाणारी पोरं-पोरी दिसली की आजही ऊर भरून येतो.

माझा जीव मात्र दुसऱ्याच बंदुकांत अडकलाय. ज्यांचा घोडा दर बाराला अंगठ्यानं मागं ओढावा लागतो, ज्यांच्या बारानंतर पांढरा धूर समोर उभा राहतो, आणि ज्यांत काय भरायचं, किती भरायचं हे भरणाऱ्यालाच ठाऊक असावं लागतं, अशा जुन्या घडणीच्या बंदुका. बार काढणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग. मोठं काम त्याच्या आधीचं, मापाचं आणि भरण्याचं. ते कसब आपल्या भागातून माझ्या डोळ्यांदेखत संपत चाललंय, म्हणून लिहायला बसलोय.

माझी हयात शिवाजी उद्यमनगरात गेली. लेथवर ऑइल इंजिनाचे पार्ट काढले, पुढं स्वतःचं छोटं वर्कशॉप केलं. दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश, जास्त गेले की जॉब भंगारात, ही शिस्त हाडात मुरलेली. आता वर्कशॉप पोरगा बघतो आणि थंडीत मी आणि सौ. लेकीकडं जातो, अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्सला. तिच्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ राहतात, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांच्या गॅरेजचं शटर एके दिवशी उघडं होतं. आत बेंचवर एक हातप्रेस बोल्टानं घट्ट बसवलेला, शेजारी तराजू, व्हर्निअर आणि काडतुसांच्या रिकाम्या पितळी नळ्यांनी, म्हणजे केसांनी, भरलेले डबे. उद्यमनगरचा माणूस अशा बेंचसमोरून सरळ पुढं जाऊच शकत नाही. मी थांबलो, त्यांनी आत बोलावलं, आणि तिथून मला काउबॉय ॲक्शन शूटिंग नावाच्या खेळाची ओळख झाली.

हा खेळ कॅलिफोर्नियात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उभा राहिला, आणि १९८७ मध्ये त्याची सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी ही संघटना झाली. कल्पना अशी की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या पश्चिम भागात जी हत्यारं होती तीच, किंवा त्यांच्या हुबेहूब नव्या प्रती, घेऊन स्पर्धा करायची. प्रत्येक खेळाडूकडं दोन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हरची (खालचा दांडा ओढून काडतूस चढवायची) रायफल आणि एक जुन्या पद्धतीची शॉटगन. कपडेही त्याच काळातले, आणि प्रत्येकानं एक टोपणनाव घ्यायचं, जे संघटनेत दुसऱ्या कुणाचं नसेल. मैदानावर माणसं एकमेकांना त्याच नावानं हाक मारतात. वर्षानुवर्षं सोबत खेळलेल्यांना एकमेकांचं खरं नाव माहीत नसतं.

लक्ष्यं पोलादी पत्र्याची आणि अगदी जवळ. गोळी लागली की खणकन आवाज येतो. कोणत्या क्रमानं कोणतं हत्यार घ्यायचं, कोणत्या पत्र्यावर किती बार काढायचे, हे प्रत्येक डावाला आधी ठरवून दिलेलं असतं. घड्याळ लावून वेळ मोजतात आणि प्रत्येक चुकलेल्या बाराला ५ सेकंद वाढवतात. गोळी शिशाचीच लागते, तांब्याचं कवच असलेली चालत नाही, कारण जवळच्या पोलादावरून ती उलटू शकते. वेगालाही मर्यादा आहे: रिव्हॉल्व्हरला सेकंदाला १००० फूट, रायफलला १४००. बघायला आलेल्या माणसालाही डोळे जपणाऱ्या चष्म्याशिवाय आत सोडत नाहीत.

फिनिक्सच्या उत्तरेला बेन ॲव्हेरी नावाची मोठी रेंज आहे. तिथं हिवाळ्याच्या शेवटाला विंटर रेंज ही मोठी स्पर्धा भरते. शेजाऱ्यांनी आम्हा दोघांना तिकडं नेलं. नऊवारीतली सौ. आणि लांब झग्यातल्या तिथल्या बायका एकमेकींच्या कपड्यांचं कौतुक करत उभ्या राहिल्या. मी मात्र सगळा वेळ लोडिंग टेबलाशी होतो. खेळाडू डावाला जाण्याआधी या टेबलावर, दुसऱ्याच्या नजरेसमोर हत्यार भरतो. सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच काडतुसं घालतो आणि घोडा रिकाम्या घरावर उतरवतो. १८७३ च्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मीत घोड्याची टोचणी थेट काडतुसाच्या बुडावर टेकते. खाली पडलं, घोड्यावर दणका बसला, तर बार उडणार. म्हणून सहावं घर मोकळं. डाव संपला की अनलोडिंग टेबल: प्रत्येक नळी, प्रत्येक घर दुसऱ्या माणसाला दाखवून मगच पुढं. पंचवीस-तीस वर्षं खेळणारी माणसंही हे मुकाट्यानं करतात. कुणी कंटाळत नाही, कुणी "मला माहीत आहे" म्हणत नाही. आपल्याकडच्या कारखान्यात मशीनवर सेफ्टी गार्ड बसवायला किती समजूत घालावी लागते, ते मला आठवत होतं.

मी स्वतः तिथं हत्याराला हात लावला नाही. पर्यटक व्हिसावरच्या परदेशी माणसाला बंदूक आणि काडतूस जवळ बाळगायला तिथल्या केंद्रीय कायद्यानं मनाई आहे, शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडून. काडतुसाच्या व्याख्येत रिकामी केस, प्रायमर (बुडातली ठिणगी पाडणारी टिकली), दारू, गोळी सगळंच येतं. त्यामुळं गॅरेजमध्ये आमचा रिवाज ठरला: केस त्यांच्या हातात, व्हर्निअर माझ्या हातात. मापं मी वाचायची, वहीत मी लिहायची. माझ्यासारख्याला तेवढं पुष्कळ झालं.

ही माणसं काडतुसं विकत का घेत नाहीत? पहिलं कारण पैसा. एकेका डावात दोन्ही रिव्हॉल्व्हरचे मिळून दहा आणि रायफलचे साधारण दहा बार, वर शॉटगन, आणि असे अनेक डाव. काडतुसातला सगळ्यात महाग भाग म्हणजे पितळेची केस, आणि ती बारानंतर तशीच शाबूत राहते. मग टाकायची कशाला? दुसरं कारण जास्त खोल आहे. जुन्या हत्याराला जसा सौम्य बार मानवतो तसा दुकानात मिळेलच असं नाही. तो आपल्या हातानंच भरावा लागतो.

प्रेसवरचं काम मला पाहताक्षणी ओळखीचं वाटलं. बार झाल्यावर केस फुगलेली असते, ती आधी डायमधून दाबून मूळ व्यासावर आणायची. त्याच दाबात बुडातला जळका प्रायमर बाहेर पडतो. डायमध्ये टंगस्टन कार्बाईडचं कडं बसवलेलं असतं, म्हणून .४५ कोल्ट या जातीच्या काडतुसाच्या सरळ भिंतीच्या केसला तेल लागत नाही. .४४-४० या दुसऱ्या जातीची केस मात्र वरच्या बाजूला निमुळती होते, तिला नेहमीचा पोलादी डाय आणि तेल लागतं. नंतर नवा प्रायमर, मग केसचं तोंड जरासं उमलवायचं, दारू, गोळी, आणि शेवटी केसची कड आत वळवून गोळी जागेवर पकडायची. या शेवटच्या कामाला ते क्रिंप म्हणतात.

या क्रिंपपाशी मी फार वेळ घालवला. लिव्हर रायफलमध्ये काडतुसं नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागं एक आडवी झोपलेली असतात आणि पुढच्या टोकाकडून स्प्रिंग त्यांना मागं रेटत असते. कड सैल वळली तर गोळी आत सरकते. रिव्हॉल्व्हरमध्ये उलटं होतं, धक्क्यानं गोळी पुढं निघते आणि चक्र अडकतं. दोन्ही टाळायचं तर कड सगळ्या केसांना सारखी वळली पाहिजे, आणि ती सारखी वळायची तर केसांची लांबी सारखी पाहिजे. .४५ कोल्टच्या केसची लांबी १.२८५ इंच. मी एका डब्यातल्या केसा मोजल्या, आणि ज्या काही थाऊंनी लांब निघाल्या त्याच केसांच्या काडतुसांची कड आधीच्या वेळी चेपून फुगली होती. त्यांनी ती काडतुसं वेगळी काढून ठेवली होती, पण असं का होतं ते त्यांना कळत नव्हतं. कारण सापडल्यावर म्हाताऱ्याचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू!

त्या नळकांड्यामुळंच गोळीचं नाक चपटं ठेवतात. टोकदार गोळी असली तर तिचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला टेकतं, आणि धक्क्यात एखादं काडतूस नळकांड्यातच उडू शकतं. १८७३ च्या विंचेस्टरमध्ये आणखी एक अट आहे. काडतूस वर उचलणारा पितळी ठोकळा फक्त एका काडतुसाच्या लांबीचा असतो. काडतूस ठरल्यापेक्षा लांब झालं की ठोकळा वर चढतच नाही. म्हणजे रायफल स्वतःच गो-नो गो गेज झाली, माप बसतं की नाही एवढंच सांगणारं. ज्या कुणी दीडशे वर्षांपूर्वी हे यंत्र आखलं, त्याच्या बेंचवर बसून चहा घ्यायला मला आवडलं असतं.

तराजूवर सगळं वजन ग्रेनमध्ये. मला हे माप परकं वाटलं नाही, कारण आपला तोळाच १८० ग्रेनचा. इंग्रजांनी १८३३ साली तो तसा पक्का केला. बारा मासे, माशाला आठ गुंजा, म्हणजे ९६ गुंजांचा तोळा, आणि एक गुंज पावणेदोन ग्रेनहून थोडी जास्त. .४५ कोल्टची २५० ग्रेनची शिशाची गोळी म्हणजे एक तोळा आणि जवळजवळ पावणेपाच मासे. हे गणित मी त्यांना कागदावर करून दाखवलं. गुजरीतल्या जुन्या सोनारांकडं लाल गुंजा तराजूत टाकून वजन करायचे, हे ऐकून ते हरखले. पुढच्या खेपेला मी खिशातून चिमूटभर गुंजा नेणार होतो, पण लेक म्हणाली, "बाबा, विषारी बी आहे, विमानतळावर अडवतील." राहिलं.

आता धोक्याचं. .४५ कोल्टची केस १८७० च्या दशकातली, काळ्या दारूसाठी बेतलेली. काळी दारू मूळ बारात ४० ग्रेन मावायची आणि केस गच्च भरायची. पुढं बिनधुराची दारू आली, ती कितीतरी जोरकस, म्हणून अगदी थोडी लागते. इतकी थोडी की मोठ्या केसच्या तळाशी पडून राहते. हात चुकून त्याच केसमध्ये दुसऱ्यांदा दारू पडली तरी ती बाहेर सांडत नाही, वरून गोळीही नीट बसते. बार काढताना मात्र रिव्हॉल्व्हर हातात फुटतं. यासाठी शेजारी गृहस्थ सगळ्या केसा एका लाकडी फळीतल्या भोकांत उभ्या करतात, दारू घालून झाली की बॅटरीच्या उजेडात एकूण एक केसमध्ये वाकून बघतात, आणि मगच पहिली गोळी बसवतात. त्या वेळी ते बोलत नाहीत, रेडिओ बंद, फोन घरात. मीही दाराशी उभा राहायचो.

काळ्या दारूचा नियम याच्या उलट. तिच्यात मोकळी जागा चालत नाही. गोळी दारूवर घट्ट टेकलीच पाहिजे, मध्ये हवेची पोकळी राहिली तर नळीला धोका. हे त्यांनी सांगितलं, आणि मी गॅरेजमधून थेट आजोळच्या परड्यात जाऊन पोचलो.

माझं आजोळ राधानगरीच्या वरच्या अंगाला. आज्जाकडं ठासणीची एकनळी होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. रानडुकरं ऊस लोळवायची, गवे भातात उतरायचे. गव्यावर बंदूक रोखायची नाही, हवेत बार काढून हाकलायचं, हे आज्जाचं ठरलेलं. भरण्याचा क्रम मला अजून पाठ आहे: आधी दारू, वर काथ्याची डाट, गजानं ठासायचं, मग छर्रे, पुन्हा डाट, पुन्हा गज. केप, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी, सगळ्यात शेवटी, आणि तीही रानातल्या माळ्यावर चढून बसल्यावर. "डाट दारूवर बसली का न्हाई ते गजाला इचारायचं," आज्जा म्हणायचा. गजावर त्यानं दोन खाचा पाडल्या होत्या. रिकाम्या नळीत गज सोडला की पहिली खाच नळीच्या तोंडाशी यायची आणि तळाशी टण्ण असा आवाज व्हायचा. भरलेल्या नळीत गज वर राहायचा, दुसरी खाच तोंडाशी, आणि आवाज बद्द. अंधारात, नुसत्या अंगठ्यानं, बंदूक भरलेली आहे की रिकामी हे कळायचं. डाट अधांतरी अडकली तर गज या दोन्ही खाचांपेक्षा वेगळ्याच ठिकाणी थांबायचा, आणि मग तो बार काढायचाच नाही.

दारू म्हशीच्या शिंगात ठेवलेली. पण शिंगातून ती थेट नळीत कधी ओतली नाही. "पोरा, आधी माप, मग बार," हे त्याचं वाक्य. मापही शिंगाचंच, टोकाकडचा तुकडा कापून पोखरलेला. कारण त्यानं एकदाच सांगितलं होतं: नळीत आधीच्या बाराची ठिणगी धुमसत असली तर मापातली तेवढीच दारू पेटेल, हात भाजेल. थेट शिंगातून ओतली तर शिंगच हातात उडेल. ॲरिझोनातल्या रेंजवर टोपीच्या रिव्हॉल्व्हरनं खेळणारा एक वेगळा गट आहे, फ्रंटिअर्समन म्हणतात त्यांना. त्यांच्यातही जपून खेळणारे हाच नियम पाळतात. दारूच्या फ्लास्कमधून थेट रिव्हॉल्व्हरच्या घरात ओतायची नाही, आधी मापात. आज्जा शाळेत गेला नव्हता, इंग्रजीचा गंध नव्हता. तरी नियम तोच, कारण दारू तीच.

धुण्याचंही तसंच. काळी दारू जळली की तिचा निम्म्याहून जास्त भाग घन रूपात उरतो. काही धूर होऊन जातो, बाकीचा नळीत चिकटतो. त्यात पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते हवेतली ओल ओढून घेतात. तेलात ते विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून बंदुकीला आधी पाणी, मग तेल. आज्जा त्याच रात्री चुलीवर पाणी उकळायचा, नळी परड्यात उभी करून कढत पाणी ओतायचा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत फडकं फिरवायचा. कढतच का, तर नळी तापते आणि आतून आपोआप वाळते. मग खोबरेल. आमच्याकडच्या पावसाळ्यात एक रात्र हयगय झाली तर सकाळी नळीत तांबूस गंज दिसायचाच. फिनिक्स वाळवंटात आहे, तिथं हवेत ओल नसते, तरीही शेजारी गृहस्थ रेंजवरून आले की जेवणाआधी गरम पाण्याची बादली घेऊन बसतात. त्यांनी मला काळ्या दारूच्या गोळीला लावायचं मेण दाखवलं, मधमाशांच्या मेणात चरबी मिसळलेलं. खनिज तेलाचं वंगण तिथं वापरत नाहीत, त्याचा नळीत डांबरासारखा थर धरतो. आज्जानं नळीला खोबरेलाशिवाय दुसरं तेल का लावलं नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

काळ्या दारूनं खेळणारे .४४-४० का पसंत करतात हेही ऐकून ठेवण्यासारखं आहे. तिच्या केसची मान पातळ असते. बाराच्या दाबानं ती लगेच फुगून चेंबरला चिकटते आणि जळकट मागं येऊ देत नाही, रायफल जास्त वेळ स्वच्छ चालते. .४५ ची भिंत जाड, ती तेवढी फुगत नाही. .४४-४० च्या केसची १८७३ ची ती घडण आजही उपयोगी पडते.

आज्जा गेल्यावर मामांनी बंदूक रीतसर ठाण्यात जमा केली. मामेभावांपैकी कुणी परवाना पुढं चालवला नाही, आणि त्यांना मी दोष देत नाही. दर निवडणुकीला हत्यार जमा करा, परत आणा, नूतनीकरणाला तालुक्याला आणि जिल्ह्याला चकरा मारा, हे आता कोण करणार? रानात झटका तारेचं कुंपण आलं. शिंग, माप आणि गज मात्र आजोळच्या माळ्यावर होते. गज माझ्याकडं आहे. माप सापडलं नाही.

आपल्या गावात जुन्या हत्यारांची कमी नाही. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात काचेआड बंदुका आहेत, शाहू महाराजांच्या शिकारीच्या खुणा आहेत. राधानगरी-दाजीपूरचं आजचं अभयारण्य हे एकेकाळी त्यांचं शिकारीचं रान. ३१ जुलै १८५७ ला याच कोल्हापुरात २७ व्या पलटणीनं बंड केलं. त्या वर्षीच्या असंतोषात एन्फिल्ड रायफलचं चरबी लावलेलं कागदी काडतूस किती मोठं निमित्त ठरलं, हे आपण शाळेत शिकतो. पण ते काडतूस दातानं का तोडायचं, दारू आधी आणि कागदासकट गोळी नंतर का, चरबी नेमकी कशाला, हे शाळेत कुणी सांगितलं नाही. भरण्याची रीत कळली की उत्तर आपोआप मिळतं: चरबीमुळं गोळी नळीत सुखानं उतरायची आणि आधीच्या बाराचं जळकट मऊ राहायचं. १८७८ चा शस्त्र कायदा आला आणि गावोगावची हत्यारं परवान्याखाली गेली. मर्दानी खेळाच्या आखाड्यांनी दांडपट्टा, लाठी, भाला टिकवला. भवानी मंडपात पोरं पट्टा फिरवताना बघा, पायाची ठेवणसुद्धा जुनी आहे. बंदुकीची विद्या जपणारा आखाडा मात्र नाही.

आता कुणी उत्साहात काही करायला जाईल म्हणून स्पष्ट लिहितो. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार आपल्याकडं दारू किंवा काडतूस घरी बनवणं, भरणं विनापरवाना चालत नाही. तो गंभीर गुन्हा आहे. जुनी ठासणीची बंदूक चालू स्थितीत असेल तर तिलाही परवाना लागतो. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा, पुराणवस्तू म्हणून ठेवलेल्या हत्यारालाच सूट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. हे नियम बदलावेत असं माझं म्हणणं नाही. अमेरिकेत घरोघरी जे चालतं ते इथं आणावं असंही मला वाटत नाही.

मला हवंय ते वेगळं. ठासणीच्या जुन्या बंदुकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात, त्यांची जागतिक संघटना आहे. तिच्या प्रकारांत एकाचं नाव तानेगाशिमा. जपानी तोड्याच्या (जळत्या वातीनं पेटवायच्या) बंदुकीला ज्या बेटावरून नाव मिळालं, तेच. जपान्यांनी आपली बंदूक नुसती काचेआड ठेवली नाही, तिचे बार, तिचे पवित्रे, तिचा पोशाख, सगळं चालू ठेवलं आणि जगाच्या स्पर्धेत आपल्या बेटाचं नाव नेलं. तोड्याची बंदूक आपल्याकडंही शेकडो वर्षं होती. मराठ्यांच्या गडांवर होती, नळ्या आपल्या लोहारांनी घडवल्या. ज्या जिल्ह्यानं तीन-तीन जागतिक दर्जाचे नेमबाज दिले, त्या जिल्ह्यात परवान्याच्या चौकटीत, रेंजवर, जाणत्यांच्या देखरेखीखाली वर्षातून एकदा तरी जुन्या बंदुकीचं भरणं आणि बार बघायला मिळावा, असं मला मनापासून वाटतं. ते होईल तेव्हा होईल.

त्याआधी एक काम आपल्याला आजच करता येतं आणि त्याला परवाना लागत नाही. राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, गगनबावडा, शाहूवाडी, या तालुक्यांत ठासणीची बंदूक वापरलेली म्हातारी माणसं अजून आहेत. त्यांच्याजवळ बसा. क्रम विचारा, डाट कशाची करायचे ते विचारा: काथ्या, फडकं, का आणखी काही. ओल्या पावसात केप कशी सुकी ठेवायची ते विचारा, प्रत्येक वाडीचा उपाय वेगळा असतो. त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, मोबाइलवर आवाज भरून घ्या. घरात गज असेल तर त्यावरच्या खाचांचा फोटो काढा आणि खाचेपासून टोकापर्यंतचं अंतर टेपनं मोजा. दोन खाचांमधल्या फरकावरून बार किती उंचीचा भरत होते ते निघतं. शिंगाचं, बांबूचं किंवा पितळेचं माप सापडलं तर आतला व्यास आणि आतली खोली घ्या. व्हर्निअर नसेल तर माप पाण्यानं भरून ते पाणी औषधाच्या सिरिंजमध्ये ओढा, किती मिलिलिटर ते लिहा. काळी दारू घन सेंटीमीटरला ग्रॅमच्या आसपास भरते, त्यामुळं जुन्या माणसांचा बार किती ग्रेनचा होता ते गणितानं काढता येतं. दारू मात्र कुठं उरलेली दिसली तर हात लावू नका, ठाण्यात कळवा. आणि नळी भरलेली असण्याची शंका असली तरी तेच. चाळीस वर्षांपूर्वी भरलेला बारही उडू शकतो.

मी वही केली आहे. पहिल्या पानावर आज्जाच्या गजाची मापं, दुसऱ्यावर शेजाऱ्यांच्या केसांची. येत्या दिवाळीनंतर भुदरगडच्या बाजूला दोन घरी जायचं ठरलंय. त्यातल्या एका घरी शिंगाचं माप आहे, असं कळलंय.